भित्रें मांजर घरीं आणतांना

आपल्या प्रांतांत मांजर कोणी आणीत नाहीं, तें येतें. पावसाळ्यांतील एखाद्या रात्रीं तें कोणाच्या तरी माळ्यावर किंवा जिन्याखालीं वितें, पिलें थोडीं मोठीं झालीं कीं त्यांतील एखादें स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीं येऊन बसूं लागतें, आजी कोणाच्या नकळत त्यास दूधभाताचा घांस टाकते, आणि महिन्याभरानें तें घरचेंच होऊन जातें. कुत्रा पाळावयाचा तर घरांत चार दिवस वाद होतो. मांजराविषयीं कोणीं कोणास विचारल्याचें ऐकिवांत नाहीं. यामुळें एखाद्या संस्थेंत जावें, तेथील मांजरांतून एक निवडावें, कागदावर सही करावी आणि तें घरीं आणावें, ही रीत पुष्कळ पालकांस अजून चमत्कारिक वाटते. तथापि मुंबई-पुण्यासारख्या शहरांतून ती आतां चांगलीच रुळली आहे, आणि आपल्या वर्गांतील मुलेंहि ‘आम्ही मांजर दत्तक घेतलें’ असें सहज बोलून जातात. प्रस्तुत लेख अशा मुलांसाठीं व त्यांच्या आईबापांसाठीं आहे. आणि त्यांतहि, जें मांजर पाहतांक्षणीं कोणास आवडत नाहीं त्याजविषयीं तो विशेषेंकरून आहे.

निराश्रित जनावरांस आश्रय देण्याची कल्पना आपणांस परकी नाहीं. इ. स. १८३२ सालीं मोकाट कुत्रीं मारण्याच्या सरकारी हुकुमावरून मुंबईंत मोठा दंगा झाला, आणि त्यानंतर दोनच वर्षांनीं, १८३४ सालीं, जमशेटजी जिजीभाई व अमीचंद शहा यांच्या पुढाकारानें तेथील पांजरपोळाची स्थापना झाली. १८७४ सालीं प्राण्यांवरील क्रौर्यास प्रतिबंध करणारी मंडळी त्याच शहरांत निघाली. तिकडे लंडन शहरांत मेरी टील्बी नांवाच्या बाईनें १८६० सालीं हरवलेल्या व उपाशी कुत्र्यांसाठीं एक घर काढलें होतें. पुढें तें बॅटरसी या भागांत गेलें, व १८८३ पासून तेथें मांजरांसहि जागा मिळूं लागली. या दोन रीतींत एक भेद आहे, तो मुलांनीं ध्यानांत घ्यावा. पांजरपोळांत जनावर जातें तें बहुधा अखेरपर्यंत राहण्यासाठीं. परंतु आश्रयगृहांत, म्हणजे हल्लीं ज्यास सर्रास ‘शेल्टर’ म्हणतात तेथें, तें जातें तें पुढें कोणाच्या तरी घरीं जावें म्हणून. ती धर्मशाळा आहे, घर नव्हे. धर्मशाळेंतील मुक्काम लांबला कीं प्रवाशाचे हाल होतात, आणि येथें मुक्काम लांबतो तो भित्र्यांचा.

कोणत्याहि आश्रयगृहांत पाहुणे आले म्हणजे कांहीं मांजरें पुढें धांवतात, गजांतून पंजा बाहेर काढतात, पाठ घासतात, म्यांव म्यांव करून लक्ष वेधून घेतात. मुलें त्यांजवर लुब्ध होतात, आणि त्यांत नवल नाहीं. त्याच पिंजऱ्याच्या अगदीं मागच्या कोपऱ्यांत, फडक्याआड, अंगाचा गोळा करून, डोळे वटारून एखादें मांजर बसलेलें असतें. वर्ष सव्वा वर्षाचें, निरोगी, अंगानें भरलेलें. परंतु हात लांबविला कीं कान पाडून फिस्कारतें. ‘हें माणसाळलेलें नाहीं’ एवढें म्हणून पाहुणे पुढें जातात. असें आठवड्यामागून आठवडे चालतें. ज्या गोंगाटानें तें भेदरलेलें असतें त्याच गोंगाटांत त्यास अधिक दिवस काढावे लागतात. अधिक दिवस काढल्यानें तें अधिक भेदरतें. आणि अधिक भेदरल्यामुळें त्यास कोणी नेत नाहीं. हें रहाटगाडगें थांबविणें आश्रयगृहाच्या चालकांच्या हातीं फारसें नसतें. शांत घराच्या हातीं असतें. मांजर काळें असेल तर त्याच्या वांट्यास यावर अपशकुनाचें खूळहि येतें; पण त्या खुळाविषयीं शाळेच्या वार्षिकांत लिहिण्याची पाळी येऊं नये.

मांजर भित्रें कां होतें? पुष्कळांची अशी समजूत असते कीं, त्यास कोणीं तरी छळलें असलें पाहिजे. तसें कधीं कधीं असतेंहि. परंतु बहुधा कारण साधें असतें. पिलाच्या वयाच्या दुसऱ्या आठवड्यापासून सातव्या आठवड्यापर्यंतचा काळ फार मोलाचा आहे. या काळांत जें जें त्याच्या परिचयाचें होतें तें तें त्यास जन्मभर आपलें वाटतें. अमेरिकेंतील टेंपल विद्यापीठांत आयलीन कार्श या विदुषीनें १९८० नंतरच्या दशकांत पिलांवर प्रयोग करून असें दाखविलें कीं, या वयांत माणसांनीं ज्यांस रोज हातीं घेतलें तीं पुढें माणसाजवळ लवकर येतात. ज्या पिलाचे हे पांच आठवडे गच्चीवर किंवा बंद कारखान्याच्या आवारांत गेले, त्यास माणूस म्हणजे दोन पायांवर चालणारें एक अवाढव्य जनावर, याहून अधिक कांहीं वाटण्याचें कारण नाहीं. दुसरें कारण जन्मासोबत येतें. सँड्रा मॅक्यून यांनीं १९९५ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत असें आढळून आलें कीं, धीट बोक्याचीं पिलें अधिक धीट निघतात. बोका तर पिलांचें संगोपन करीत नाहीं. तेव्हां ही गोष्ट शिकवणुकीची नसून रक्ताची आहे. वर्गांतील चार मुलें हात वर करतात आणि पांचवें, उत्तर ठाऊक असूनहि, बाकाकडे पाहत बसतें, हें आम्हां शिक्षकांस नित्याचें आहे.

याच्याहि मागें जावें लागेल. आपलें घरचें मांजर हें आफ्रिका व पश्चिम आशिया येथील रानमांजराच्या वंशांतलें, असें २००७ सालीं आनुवंशिक तपासणीवरून सिद्ध झालें. आणि सायप्रस बेटांत माणसाशेजारीं पुरलेल्या एका मांजराची सुमारें ९,५०० वर्षांपूर्वींची कबर सांपडली, तिची हकीकत २००४ सालीं जगापुढें आली. इतक्या वर्षांचा शेजार असूनहि मांजराची प्रकृति फारशी बदललेली नाहीं. रानमांजर एकटें राहतें. तें उंदीर मारतें हें खरें, पण त्यास मारणारींहि जनावरें आहेत, आणि संकटांत धांवून येणारा कळप त्यास नाहीं. म्हणून लपणें हेंच त्याचें पहिलें शस्त्र होय. आपण ज्यास वाघाची मावशी म्हणतों तिच्या अंगीं सशाचाहि अर्धा स्वभाव आहे, हें विसरल्यामुळेंच पुष्कळ घोटाळे होतात.

येथें एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. भित्रें मांजर निराळें आणि रानटी मांजर निराळें. जें मांजर पिलूं असतांना माणसाच्या सहवासांत मुळींच आलें नाहीं व त्याच स्थितींत वाढून मोठें झालें, त्यास चार भिंतींत कोंडणें म्हणजे तुरुंगांत टाकणें होय. त्याची नसबंदी करून, लस टोंचून, त्यास त्याच्या गल्लींत परत सोडणें व तेथें रोज अन्न देणें, हीच त्याजवरील दया. भित्र्या मांजराचीं चिन्हें वेगळीं असतात. तें लपतें, परंतु लपल्या जागेवरून पाहत राहतें. ओळखीचा नोकर अन्न घेऊन आला तर एक पाऊल पुढें टाकतें. रात्रीं सर्व निजल्यावर खेळणें हलवून पाहतें. ही पारख पाहुण्यास एका भेटींत होत नाहीं. म्हणून आश्रयगृहांत जो रोज खावयास घालतो व पिंजरे झाडतो त्यासच विचारावें. कचेरींतील माणसापेक्षां त्यास अधिक ठाऊक असतें. शक्य तर दोन-तीन वेळां जावें, आणि प्रत्येक वेळीं पिंजऱ्यापाशीं नुसतें बसून यावें.

आतां पालकांस विनंती अशी कीं, मांजराची परीक्षा घेण्यापूर्वीं त्यांनीं आपल्या घराची घ्यावी. शांत घर म्हणजे निःशब्द घर नव्हे. आपल्याकडे तसें घर असूंहि शकत नाहीं. कुकरची शिट्टी होणारच, दाराची घंटा वाजणारच, शेजारचा दूरचित्रवाणी संच भिंतींतून ऐकूं येणारच. शांत घर म्हणजे ज्यांत उद्यां काय होईल तें आज सांगतां येतें असें घर. जेवणाच्या वेळा ठरलेल्या, निजण्याच्या वेळा ठरलेल्या, माणसें तींच, एकमेकांवर ओरडण्याची संवय नाहीं: असें घर लहान असलें, एका खोलीचें असलें, तरी भित्र्या मांजरास पुरतें. उलट, घरांत रांगतें मूल असेल, दोन महिन्यांवर लग्नकार्य असेल, रंगकाम निघालें असेल, तर मांजर या वर्षीं आणूं नये. दिवाळीच्या तोंडावर तर कोणीहि आणूं नये. गणेशोत्सवांत ज्यांच्या खिडकीखालीं कर्णे लागतात त्यांनींहि थांबावें, आणि आम्ही ख्रिस्ती लोकांनीं नाताळच्या आठवड्यांत आणूं नये, कारण तेव्हां आपल्या घरीं पाहुणे व गाणारीं मुलें यांची रीघ असते. ‘वाढदिवसाची भेट’ म्हणून मांजर आणणें हा प्रकार मला मुळींच पसंत नाहीं. त्या दिवशीं घरांत वीस मुलें असतात.

घराची परीक्षा उतरली तर पुढची तयारी फार खर्चाची नाहीं. एक खोली, आणि वेगळी खोली नसेल तर खोलीचा एक कोपरा पडद्यानें आडवून, मांजरासाठीं राखून ठेवावा. तेथें एका बाजूस पाण्याचें भांडें व अन्नाची ताटली, आणि त्यांपासून शक्य तितक्या दूर मातीची पेटी ठेवावी. कारण जेथें खावयाचें तेथेंच शौचास बसणें मांजरास आवडत नाहीं. त्यासाठीं बाजारांत ‘लिटर’ म्हणून माती मिळते. बारीक वाळूहि चालते, पण ती रोज साफ केली पाहिजे. खिडक्यांस जाळी हवीच. उंच इमारतींतील लोखंडी गजांतून मांजर आरामांत बाहेर जातें, आणि भ्यालेलें मांजर उंची मोजीत बसत नाहीं. फ्रिजच्या मागें, धुलाई यंत्राच्या खालीं अशा जागा अगोदर बुजवून टाकाव्या.

परंतु लपण्याच्या सर्वच जागा बुजवूं नयेत. उलट एक चांगली जागा आपणच करून द्यावी. एक खोका, कडेस मांजराच्या अंगाएवढें भोंक, आंत जुनें पातळ किंवा चादर, एवढ्यानें काम भागतें. हॉलंड देशांतील एका आश्रयगृहांत २०१४ सालीं प्रसिद्ध झालेला एक लहानसा प्रयोग या बाबतींत बोलका आहे. नव्यानें आलेल्या १९ मांजरांपैकीं १० मांजरांस लपण्याचा खोका दिला व ९ मांजरांस दिला नाहीं; तेव्हां पहिल्या कांहीं दिवसांत खोकेवालीं मांजरें लवकर निवळलेलीं दिसलीं. ज्यास लपतां येतें त्यास बाहेर येण्याचा धीर होतो. आपण मोठीं माणसें मात्र नेमकें उलट करतों: ‘बाहेर काढल्याशिवाय संवय कशी होणार?’ असें म्हणून पलंगाखालीं हात घालतों. तो हात मांजर महिनाभर विसरत नाहीं.

माझ्या परिचयाच्या एका घरची हकीकत येथें सांगतों, म्हणजे दिवसांचा हिशेब कसा असतो तें कळेल. घरांत दोघीच, एक सेवानिवृत्त परिचारिका व सातवींत शिकणारी तिची नात. नातीस खेळणारें पिलूं हवें होतें. आजीनें सुमारें सव्वा वर्षाची, राखी रंगाची, पिंजऱ्याच्या कोपऱ्यांतली मांजरी पसंत केली, व नांव ठेवलें मनी. जन्मभर इस्पितळांत रोग्यांचे तक्ते लिहिलेले. त्या संवयीनें आजीबाईंनीं मनीचाहि तक्ता भिंतीस लावला: किती खाल्लें, पाणी किती प्यालें, पेटींत गेली कीं नाहीं, कोठें बसली. पहिल्या दिवशींच्या रकान्यांत ‘कपाटाखालीं’ एवढाच शब्द आहे. दुसऱ्या दिवशीं ‘रात्रीं दोन चमचे’. तिसऱ्या दिवशीं पेटींत गेल्याची खूण, व तीखालीं रेघ ओढलेली. पांचव्या दिवशीं नात रडकुंडीस आली.

“आजी, हिला आपण आवडतच नाहीं. परत देऊं या ना. दुसरं आणूं खेळणारं.”

“तूं या शाळेंत नवी आलीस तेव्हां डबा किती दिवस अर्धा परत आणीत होतीस, आठवतं का ग?”

“पंधरा दिवस आणला असेन.”

“मग हिचे अजून दहा राहिले,” आजी म्हणाली, व तक्ता लिहूं लागली.

त्या दिवसापासून नातीनें अभ्यास मनीच्या खोलींत करावयास सुरुवात केली. कपाटाकडे पाठ करून ती जमिनीवर बसे आणि भूगोल मोठ्यानें वाची. ही युक्ति तिला कोणीं शिकविली नव्हती. परंतु अमेरिकेंत पेन्सिल्व्हेनिया संस्थानांतील बर्क्स परगण्याच्या आश्रयगृहांत २०१३ सालापासून शाळकरी मुलें मांजरांपुढें बसून पुस्तकें वाचतात, असा उपक्रमच आहे. त्यांत मुलांच्या वाचनाची भीड चेपते, आणि मांजरास माणसाचा आवाज, तोहि आपल्यावर रोखलेला नव्हे असा, ऐकण्याची संवय लागते. नवव्या दिवशीं कपाटाखालून दोन डोळे दिसले. अकराव्या दिवशीं मनी बाहेर आली, दप्तर हुंगलें, आणि परत गेली. सतराव्या दिवशीं ती स्वयंपाकघराच्या दारापर्यंत पोहोंचली, तोंच कुकरची शिट्टी झाली. तक्त्यावर पुढचे दोन दिवस पुन्हां ‘कपाटाखालीं’. चौथ्या आठवड्यांत तिनें नातीच्या बोटास नाक लावलें. त्याच सुमारास पुण्याहून मामा आले, व ‘बघूं तरी तुमचं मांजर’ म्हणून त्यांनीं तिला मानेला धरून ओढून काढलें. मामांच्या हातावर चार ओरखडे उठले, आणि तक्ता दहा दिवस मागें गेला. आजीबाईंनीं मामांस दवाखान्यांत पाठविलें व मनीस कांहींच केलें नाहीं.

तीन महिन्यांनीं मनी आजींच्या पायथ्याशीं निजूं लागली. ती मांडीवर बसत नाहीं, पाहुणे आले कीं अजूनहि नाहींशी होते, आणि उचलून घेतलेलें तिला खपत नाहीं. नातीनें तिला आहे तशीच पत्करली आहे. भित्रें मांजर घेणाऱ्यानें पहिल्या दिवशींच मनांत ठरवावयाची गोष्ट ती हीच: तें जवळ येईल कीं नाहीं, केव्हां येईल, व किती येईल, हें ठरविण्याचा हक्क त्याचा. तो हक्क त्यास देण्याची ज्यांची तयारी नसेल त्यांनीं पिंजऱ्याच्या पुढें धांवून येणारें मांजरच घ्यावें. त्यांत कमीपणा कांहीं नाहीं.

मुलांनो, तुमच्याकडून होण्याजोगीं कामें यांत बरींच आहेत. खोलींत शिरतांना धांवूं नका. उभे राहून वांकून पाहूं नका. जमिनीवर बसा, म्हणजे तुम्ही त्यास लहान दिसाल. टक लावून पाहणें हें मांजराच्या भाषेंत भांडण होय. डोळे अर्धवट मिटावे, क्षणभर मिटलेलेच ठेवावे, मग हळूच उघडावे, व नजर बाजूस न्यावी. इंग्लंडांतील ससेक्स व पोर्ट्समथ येथील विद्यापीठांच्या संशोधकांनीं २०२० सालीं असें प्रसिद्ध केलें कीं, माणसानें असे सावकाश डोळे मिचकावले असतां मांजरें उलट तसेच मिचकावतात, व अनोळखी माणूस असला तरी त्याच्या हाताकडे येण्यास अधिक राजी होतात. हात पुढें करावयाचा तो मूठ सैल मिटून, त्याच्या नाकाच्या पातळीवर, थोडा दूर. उरलेलें अंतर त्यानें तोडावें. गाल व हनुवटी येथें स्पर्श त्यास प्रथम रुचतो, पाठ पुढें, पोट बहुधा कधींच नाहीं. आणि दोरीस पीस बांधून लांबून हलविणें हा खेळ तर उत्तमच, कारण त्यांत मांजर शिकारी होतें, आणि शिकार करणारें मांजर तेवढा वेळ आपलें भय विसरतें.

अन्नाविषयीं आपल्याकडे गैरसमज फार. मांजर डोळे मिटून दूध पितें अशी म्हण आहे खरी; परंतु बहुतेक मोठ्या मांजरांस गाईचें वा म्हशीचें दूध पचत नाहीं, व त्यानें ढाळ लागतात. त्यास पाणीच द्यावें. दुसरें असें कीं, मांजर हें पूर्णपणें मांसाहारी जनावर आहे. टॉरिन नांवाचें एक द्रव्य त्यास मांसमच्छींतूनच मिळतें, आणि तें न मिळाल्यास त्याचें हृदय दुबळें होतें, असें १९८७ सालीं दाखविण्यांत आलें. दूधभात व पोळी यांवर मांजर जगतांना दिसतें तें शेजारचे उंदीर खाऊन. कोंडलेल्या मांजरास ती सोय नाहीं. ज्या शाकाहारी कुटुंबांस घरांत मांस नको असेल त्यांनीं तयार खाद्य आणावें, अथवा मांजर पाळण्याचा विचार सोडावा. मांजरास शाकाहारी करूं नये. आरंभीं आश्रयगृहांत जें खाणें चालूं होतें तेंच घरीं चालूं ठेवावें, व बदल करणें तो आठवडाभरांत थोडाथोडा करावा. मासळी द्यावयाची तर उकडून, कांटे काढून, बिनमिठाची. कांदा व लसूण त्यास विषासारखे आहेत. पॅरासिटामॉलची साधी गोळी मांजरास मारते. तसेंच फुलदाणींतील लिलीहि, इतकी कीं तिचे परागकण अंगावरून चाटल्यानेंहि मूत्रपिंडें निकामी होतात.

भित्रें मांजर पहिल्या रात्रीं जेवलें नाहीं तर घाबरूं नये. परंतु पुरता एक दिवस त्यानें अन्नास तोंड लावलें नाहीं तर आश्रयगृहास विचारावें, आणि दुसरा दिवसहि तसाच गेला तर जनावरांच्या डॉक्टरांकडे न्यावें. मांजराचें शरीर उपास सोसत नाहीं. अंगांतील चरबी यकृतांत सांचते व तेंच पुढें जीवावर बेततें. आजीबाईंचा तक्ता येथें कामास येतो. जें मांजर दिवसभर दिसतच नाहीं, त्यानें काल खाल्लें कीं परवां, हें लिहून ठेवल्यावांचून कोणासहि सांगतां येत नाहीं.

आणतांना आश्रयगृहाकडून कागद मागून घ्यावा: कोणत्या लसी झाल्या, जंतांचें औषध केव्हां दिलें, नसबंदी झाली कीं व्हावयाची आहे. पिसाळरोगाची लस पिलूं तीन महिन्यांचें झाल्यावर देतात व ती डॉक्टर सांगतील त्याप्रमाणें पुन्हां पुन्हां द्यावी लागते. मांजरानें ओरखडलें किंवा चावलें तर, मग तें आपलें कितीहि लाडकें असो, जखम साबण लावून वाहत्या पाण्याखालीं पंधरा मिनिटें धुवावी, आणि त्याच दिवशीं डॉक्टरांस दाखवावी. मुलें हें घरीं सांगत नाहींत, कारण सांगितलें तर मांजर परत देतील असें त्यांस भय वाटतें. पालकांनीं तें भय आधींच काढून टाकावें. ओरखड्यासाठीं मांजर परत जाणार नाहीं, पण ओरखडा लपवावयाचा नाहीं, असें स्पष्ट सांगून ठेवावें.

राहतां राहिली मे महिन्याची सुटी. बहुतेक कुटुंबें तेव्हां गांवीं जातात, आणि मांजराचें काय करावें हा प्रश्न आगगाडीच्या आदल्या रात्रीं निघतो. तो मांजर आणण्यापूर्वीं निघाला पाहिजे. भित्र्या मांजरास करंडींत घालून कोंकणापर्यंत नेणें किंवा अनोळखी घरीं ठेवणें, दोन्ही वाईट. त्याचें घर त्यास ओळखीचें आहे. माणसें कांहीं दिवस नसलीं तरी चालतील. शेजारचें एक समजूतदार माणूस अगोदरच्या महिन्यांत चार-पांच वेळां घरीं बोलवावें, त्याच्या हातून ताटली ठेववावी, आणि मग किल्ली त्याजपाशीं द्यावी. त्यानें दिवसांतून दोन वेळां यावें, अन्नपाणी बदलावें, पेटी साफ करावी, अर्धा तास वर्तमानपत्र वाचीत बसावें, आणि मांजर कोठें आहे याचा शोध घेऊं नये. ताटली रिकामी झाली असली म्हणजे पुरे.